नाशिकमध्ये आमच्या कॉलनीत पहिल्यांदाच आनंदमेळा भरवतोय. हिशोब सोपा जावा म्हणून कुपनं छापायचं ठरतंय. स्टॉलचं भाडं किती ठेवावं आणि गर्दी कशी जमवावी?

प्रश्नात तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘हिशोब सोपा जावा म्हणून कुपनं छापायचं ठरतंय.’ भाड्याचं नंतर बघू. आधी ती कुपनं रद्द करा. छापायला टाकली असतील तर आत्ता फोन लावा.

मी इंदिरानगरची. आमच्या कॉलनीत चार वर्षं मेळा भरला, त्यातलं तिसरं वर्ष कुपनांचं. त्या वर्षी माझ्या सासूबाईंनी खापरावरच्या मांड्यांचा स्टॉल लावला होता. त्या अमळनेरकडच्या, वय तेव्हा 68. घरातसुद्धा वर्षातून दोनदाच मांडे होतात आमच्याकडे, कारण तो खेळ नाही. गहू ओलवून दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचं, तार सुटेपर्यंत कणीक तिंबायची. मग पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर नाचवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा. हे सगळं मैदानात, वाऱ्यात, लोक बघत असताना! आधी आई, म्हणजे सासूबाई, नाहीच म्हणाल्या होत्या. मीच गळ घातली. स्टॉलचे 300 रुपये भरले, शेजारून मोठी शेगडी आणली, 80 मांड्यांचं पुरण शिजवलं.

आमचे खजिनदार काका बँकेतून निवृत्त. त्यांनी नियम काढला की मैदानात रोकड चालणार नाही. गेटजवळ दोन टेबलं, तिथून दहा-दहाची गुलाबी कुपनं घ्यायची, स्टॉलवाल्यांनी ती रात्री जमा करून पैसे घ्यायचे, त्यातले दहा टक्के मंडळाचे. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात सहा ते आठ सगळी कॉलनी त्या दोन टेबलांपुढे रांगेत उभी होती. मुलं रडतायत, आजोबा खुर्ची शोधतायत, आणि इकडे आई तापलेल्या खापरासमोर हात बांधून बसलेल्या. रांगेतून सुटलेला माणूस शंभराची कुपनं घेऊन यायचा. मांडा 60 चा. उरलेल्या चाळिसात दुसरा येत नाही आणि परत रांगेत जायची कोणाचीच तयारी नाही. मग तो चाळीसचं काहीबाही खाऊन घरी.

रात्री आठला मुलाला पाठवून 32 मांड्यांची कुपनं जमा केली. 1,920 झाले, दहा टक्के कापून 1,728 हातात आले. त्यानंतर आणखी 9 मांडे गेले. आईंनी शेगडी बंद केली, हात धुतले, मी ती 54 कुपनं घेऊन टेबलापाशी गेले, तर काका टेबल मिटत होते. “वहिनी, साडेनऊला हिशोब बंद झाला. सूचना फलकावर होती.” घड्याळात नऊ चाळीस. मी म्हटलं, काका, त्यांचे हात पिठाचे होते, फलक कधी वाचणार? तर म्हणाले, एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागते.

पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी अभिमानाने सांगितलं की विकलेल्या पण न वापरलेल्या कुपनांचे 6,300 रुपये मंडळाला सुटले. टाळ्या वाजल्या! म्हणजे लोकांनी पैसे देऊन जे खाल्लंच नाही, तो आपला नफा. आमच्याकडे अर्धं पुरण उरलं होतं, ते आठवडाभर खाल्लं. चौथ्या वर्षी आईंनी स्टॉल लावला नाही, तो विषय घरात निघत नाही.

तर भाडं. घरगुती स्टॉलला नाममात्र ठेवा, आम्ही 300 घेत होतो. बाहेरच्या विक्रेत्यांना त्याच्या चार-पाच पट घ्या. टेबल, एक दिवा, एक प्लग त्यातच. टक्केवारी अजिबात नको. जागा चिठ्ठ्या टाकून द्या, गेटचा कोपरा प्रायोजकाला देऊ नका. गेटवर वॉटर प्युरिफायरवाला उभा असला की लोक मान खाली घालून आत येतात. पैसे रोख किंवा फोनवरून, थेट स्टॉलवर. क्यूआर कोडचा कागद मोठा छापा आणि दहा-वीसच्या नोटांची बंडलं आधीच आणून ठेवा, कारण गर्दीत नेटवर्क जातं आणि सुट्ट्यांवरून भांडणं होतात.

गर्दीचं म्हणाल तर तारीख नीट धरा, बाकी आपोआप होतं. नवरात्रात ठेवू नका, सगळे कालिका देवीच्या यात्रेला जातात. जानेवारीत ठेवणार असाल तर पौष वद्य एकादशी टाळा. त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा असते, रस्त्यांवर दिंड्या असतात, आणि निम्म्या बायकांचा उपवास, मग तुमचं पिठलं-भाकरी कोण खाणार? संक्रांतीनंतरचा रविवार बरा पडतो. पण संध्याकाळी पाचलाच सुरू करा. नाशिकच्या थंडीत आठनंतर लहान मुलं घेऊन कोणी थांबत नाही. मुलांचे नाच ठेवा, एका मुलामागे चार माणसं येतात. लकी ड्रॉ शेवटी. आणि माईक सतत हातात धरून बसणाऱ्याला एखाद्या स्टॉलवर बसवा.

मिसळीचा एकच स्टॉल, फार तर दोन. नाशिककर मिसळीसाठी शहराबाहेर मळ्यात जातो, त्याला कॉलनीत कागदी वाटीतली मिसळ देऊन काय होणार? त्याऐवजी आपल्याच कॉलनीत कोणाच्या घरी काय होतं ते विचारा. आमच्याकडे खानदेशी भरीत आणि कळण्याची भाकरी तासाभरात संपली होती, आणि ती बाई दोन बिल्डिंग पलीकडे राहते हे निम्म्या लोकांना त्या दिवशी कळलं.

महापालिकेचं मैदान असेल तर परवानगी, पोलीस ठाण्यातून स्पीकरची परवानगी, रात्री दहाला आवाज बंद. वीज तात्पुरती जोडणी घेऊन, आकडा टाकून नाही. सिलेंडर असलेले स्टॉल एकमेकांना चिकटून नकोत आणि वाळूच्या बादल्या हाताशी ठेवा. थर्माकोलच्या प्लेटा आणू नका, राज्यात 2018 पासून बंदी आहे, पत्रावळी आणा. हे तुम्हाला माहीत असेलच.

आता प्रामाणिकपणे दोन गोष्टी. शाळेचा मेळा असेल आणि लहान मुलंच खरेदी करणार असतील तर कुपन चालतं, मुलांच्या हातात नोटा नकोतच. आणि काकांचा एक मुद्दा खरा होता. पहिली दोन वर्षं रोकड होती तेव्हा टक्केवारी द्यायची म्हणून काहींनी विक्री लपवली. पण त्यावर उपाय टक्केवारी काढून टाकणं हा होता. मी तेव्हाही मीटिंगमध्ये हेच म्हटलं होतं. इतिवृत्तात ते लिहिलेलं नाही, कारण इतिवृत्तही काकाच लिहायचे.

ती 54 कुपनं आमच्या तिळाच्या रिकाम्या डब्यात आहेत, रबर लावून. काका हे वाचत असतील तर 540 रुपये. दहा टक्के कापले तरी 486 होतात.