शेपूट राहू द्या, नखं मात्र पाहा

प्रश्न : आमची रॉटवायलर परवा व्याली, आठ पिल्लं आहेत. ओळखीचे ब्रीडर म्हणतात, पाचव्या दिवसाच्या आत शेपट्या कापून घ्या, एवढ्याशा पिल्लांना दुखत नाही. लांब शेपटीचं पिल्लू कुणी घेणार नाही. काय करावं? (धायरी)

उत्तर : कापू नका. ‘दुखत नाही’ हा समज चुकीचा आहे. नवजात पिल्लाच्या मज्जातंतूंवरचं आवरण पूर्ण तयार झालेलं नसतं, त्यावरून हा समज निघाला. पण वेदना वाहून नेणाऱ्या बऱ्याच तंतूंना मुळातच ते आवरण नसतं, आणि ते जन्मापासून काम करतात. पिल्लू कापल्यावर केकाटतं आणि थोड्या वेळात आईला लुचायला लागतं, म्हणून ते विसरलं असं वाटतं. लुचणं हा त्याचा शांत होण्याचा मार्ग आहे, दुखत नसल्याचा पुरावा नव्हे.

रक्ताचा हिशेबही करून पाहा. चारशे ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात जेमतेम ३० मिली रक्त असतं. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली वाहून गेलं, की सहावा हिस्सा गेला. पहिल्या काही दिवसांत रक्त गोठवणारे घटकही कमी असतात. त्यात पिल्लू स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही. जागा २९ ते ३२ अंशांवर नसेल तर ते गार पडतं, दूध ओढत नाही आणि एका रात्रीत जातं. शेपूट म्हणजे लोंबणारं कातडं नव्हे. तिच्यात मणके, स्नायू आणि नसा आहेत. कापलेल्या नसेच्या टोकाला कधी कधी गाठ होते आणि मोठेपणी कुत्रा तिथे हात लावू देत नाही.

कायद्याचंही पाहा. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ मध्ये प्राण्याचा अवयवभंग हा गुन्हा आहे. शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं, वेसण घालणं यांना ठरावीक पद्धतीने सूट आहे. दिसण्यासाठी शेपूट कापण्याला त्या यादीत जागा नाही.

गिऱ्हाइकाला एवढंच सांगा : एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या जातवार प्रमाणकात रॉटवायलर, डॉबरमन आणि बॉक्सर, तिघांचीही शेपूट नैसर्गिकच धरली आहे. ‘पुढे शेपटीला इजा होते’ असंही ऐकाल. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत वर्षभरात शेपटीला इजा झालेले कुत्रे पाव टक्क्याहून कमी होते. एक इजा टाळायला सुमारे पाचशे शेपट्या कापाव्या लागतील, असा तिचा हिशेब होता. आपले कारवान हाउंड तर लांब शेपटी घेऊनच पिढ्यान्‌पिढ्या माळावर ससे पकडत आले आहेत.

प्रश्न : पिल्लाच्या पायाला वर एक जादा नख आहे, ते काढावं का? (हडपसर)

उत्तर : आधी पाय पाहा, पुढचा की मागचा. पुढच्या पायाचं हे नख (ड्यू क्लॉ) हाडाला सांध्याने जोडलेलं असतं, त्याला स्नायूबंधही असतात. कुत्रा वेगात वळताना ते जमिनीला टेकतं, हाड चघळताना ते धरायला उपयोगी पडतं. ते राहू द्या.

मागच्या पायाचं नख मात्र पुष्कळदा नुसत्या कातड्यावर लोंबतं. बोटाने हलवून पाहा : आत हाड लागत नसेल आणि ते सैल झुलत असेल, तर ते झुडपात, गालिच्यात अडकून फाटण्याची शक्यता असते. असं नख डॉक्टरांकडून तिसऱ्या ते पाचव्या दिवसात, जागा बधिर करून काढून घेता येतं. पिल्लू निरोगी हवं, वजन रोज वाढत असलेलं हवं. ती मुदत टळली असेल तर घाई करू नका. सहा महिन्यांनंतर, नसबंदीच्या वेळी, त्याच भुलीत काढता येतं. बोट सांध्यातून पूर्ण काढावं लागतं. घरी कात्रीने वरवर कापलं, तर बुडाशी उरलेल्या भागातून वाकडं नख पुन्हा उगवतं आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते.

नंतर भुसा घालू नका, तो जखमेत चिकटतो. धुतलेली सुती चादर रोज दोनदा बदला आणि पिल्लं रोज एकाच वेळी तोला. पहिल्या आठवड्यात रोज ५ ते १० टक्के वाढ हवी. वजन थांबलं की वाट पाहू नका.

प्रश्न : एका मित्राच्या सांगण्यावरून काल एका पिल्लाच्या शेपटीला घट्ट रबर बांधलं. आज टोक काळं दिसतंय. (कात्रज)

उत्तर : हे वाचत असतानाच निघा. रबर ओढू किंवा कापू नका, कातडी चिरते. ते डॉक्टरांनाच काढू द्या. रक्त बंद झालेला भाग कुजतो, आणि तोच जंतूंना हवा असतो. पावसाळ्यात तर माशी अंडी घालते आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. नेताना पिल्लू टॉवेलात गुंडाळून अंगाशी धरा. पुण्यात औंधला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. जवळचा खासगी दवाखाना उघडा असेल तर तिथेच जा, उशीर नको.

प्रश्न : चार वर्षांच्या लॅब्राडोरचं वरचं नख गोल वळून मांसात घुसलंय. (कोथरूड)

उत्तर : रुतलेलं नख घरी ओढू नका, पू झालेला असतो. ते डॉक्टरांकडून काढून घ्या. बरं झाल्यावर दर तीन-चार आठवड्यांनी नखं कापत राहा : वेताळ टेकडीवर रोज फिरवलात तरी हे नख जमिनीला घासत नाही, म्हणून आपोआप झिजत नाही. दर वेळी टोकाचे एक-दोन मिलिमीटरच घ्या. काळ्या नखात शीर दिसत नाही. थोडं थोडं कापत जा, कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की थांबा. रक्त आलंच, तर कॉर्नफ्लोअर किंवा तुरटीची बारीक पूड घालून पाच मिनिटं घट्ट दाबा, मध्येच उघडून पाहू नका.