वाचकांचे प्रश्न : खिशात मावणारा व्हिडिओ कॅमेरा

प्रश्न : मी गिरगावात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माझी आई ८४ वर्षांची असून मंगळागौरीची गाणी, जात्यावरच्या ओव्या आणि आमच्या चाळीतल्या कितीतरी जुन्या हकिकती तिला अजून जशाच्या तशा आठवतात. ती जसजशी बोलेल तसतसे हे सारे चित्रित करून ठेवावे, असे फार दिवसांपासून मनात आहे. शिवाय घरच्या गणपतीची आरती, नातीच्या कथ्थकचा कार्यक्रम आणि लोकलच्या प्रवासात सहज दिसलेले काही टिपता आले तर हवे आहे. मोबाइल आहे, पण नेमका त्याच वेळी कुणाचा तरी फोन येतो आणि त्यातली जागाही सतत भरलेली असते. भाचा ४के चित्रण करणारा ॲक्शन कॅमेरा घ्यायला सांगतो, तर दुकानदार भलतेच काही दाखवतो. पन्नास हजारांच्या आसपास खर्च करण्याची तयारी आहे. पर्समध्ये मावेल असा कोणता कॅमेरा घ्यावा?

उत्तर : आपल्या यादीत आईंचे बोलणे सर्वांत आधी आले आहे, म्हणून कॅमेराही त्याच कामाचा कस लावून निवडावा, बाकीची कामे त्याच्यामागून येतील. आई बोलणार त्या घरात, दुपारी खिडकीतून येणाऱ्या उजेडात नाहीतर दिवेलागणीनंतर एका ट्यूबलाइटखाली. तेव्हा कमी उजेडात कॅमेऱ्याला किती चांगले दिसते आणि त्याला बोलणे किती स्पष्ट ऐकू येते, हे दोनच प्रश्न आपल्या दृष्टीने मोलाचे आहेत. खोक्यावर ठळक छापलेला ‘४के’ हा शब्द यांपैकी एकाचेही उत्तर देत नाही.

साध्या एचडी चित्रात १२८० गुणिले ७२० ठिपके असतात, फुल एचडीत १९२० गुणिले १०८० आणि ४केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे फुल एचडीच्या चौपट. हे ठिपके ज्या सेन्सरवर गोळा होतात तो नखाएवढा लहान असेल, तर खोलीतल्या अंधुक उजेडात चित्रावर रवाळ दाणे येतात, साडीचा रंग मातकट होतो आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मेणासारख्या गुळगुळीत दिसू लागतात. घरगुती कॅमेऱ्यांत सर्रास आढळणारा १/२.३ इंची सेन्सर सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा असतो आणि ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ चौपट झाल्यामुळे प्रकाशही त्याच प्रमाणात अधिक गोळा होतो. माझे स्पष्ट मत असे की, लहान सेन्सरचे ४के आणि एक इंची सेन्सरचे फुल एचडी यांतून एकच निवडायचे झाले, तर आपण डोळे मिटून दुसरे घ्यावे.

खिशात किंवा पर्समध्ये मावतील आणि सेन्सर एक इंची असेल असे कॅमेरे मोजकेच आहेत. डीजेआय कंपनीचा ऑस्मो पॉकेट ३ हा २०२३ मध्ये आलेला, १७९ ग्रॅम वजनाचा, उभ्या दांडीसारखा कॅमेरा आहे. त्याचे डोके तीन अक्षांवर मोटारींनी तोललेले असल्यामुळे हात कापला तरी चित्र कापत नाही, आणि दोन इंची पडदा आडवा फिरवला की तो लगेच सुरू होतो. मात्र त्यात ऑप्टिकल झूम, म्हणजे भिंग सरकवून दूरचे जवळ आणण्याची सोय, नाही, बॅटरी आतच बसवलेली असल्याने बदलता येत नाही आणि तो पाण्यापासून सुरक्षित नाही. सोनीचा झेडव्ही-१ हा २०२० चा, २९४ ग्रॅमचा, नेहमीच्या कॅमेऱ्यासारखा दिसणारा. त्याची लेन्स २४ ते ७० मिलिमीटरच्या तोडीची, म्हणजे रुंद दृश्यापासून सुमारे तिपटीने जवळ आणणारी आहे, बॅटरी काढून दुसरी घालता येते, बाहेरचा माइक जोडण्यासाठी छिद्र आहे आणि वाऱ्याची घरघर अडवणारे केसाळ टोपणही सोबत मिळते. चालत्या माणसाच्या हातात मात्र तो पॉकेटइतका स्थिर राहत नाही. किमती सणासुदीला बरेच हेलकावे खातात, म्हणून मी आकडे देत नाही. घरात बसून, टेबलावर ठेवून आईंचे बोलणे टिपायचे आणि अधूनमधून चालताचालता काही घ्यायचे, असा आपला बेत दिसतो, म्हणून माझा कौल पॉकेटच्या बाजूने आहे.

भाच्याचा सल्ला त्याच्या वापरासाठी बरोबर असेल. गोप्रोसारखा ॲक्शन कॅमेरा दहा मीटर खोल पाण्यातही चालतो, पडला तरी सहसा फुटत नाही आणि भर उन्हात झकास चित्र देतो. परंतु तो हादरे सावरतो ते मोटारीने नव्हे, तर चित्राच्या कडा कापून आणि प्रत्येक फ्रेम, म्हणजे चित्रणातले एकेक स्थिर चित्र, सरकवून. उजेड कमी झाला की एकेका फ्रेमला जास्त वेळ प्रकाश घ्यावा लागतो, त्या वेळात हात हलला तर फ्रेम मुळातच फरकाटते, आणि फरकाटलेली फ्रेम कितीही सरकवली तरी तिचा धुरकटपणा जात नाही. आरतीच्या वेळी दिवे मालवून नुसत्या निरांजनाच्या प्रकाशात चित्रण कराल तेव्हा ही उणीव पहिल्यांदा जाणवेल.

आता आवाजाविषयी, कारण याची किंमत मी स्वतः मोजली आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या आत्याने एका दुपारी ओट्याशी बसून सलग वीस-पंचवीस ओव्या म्हटल्या. मी कॅमेरा दाराजवळच्या कपाटावर ठेवला होता, तिच्यापासून आठ-नऊ फुटांवर. डोक्यावर पंखा चालू, गॅसवर कुकर. आज ते चित्रण लावले की आत्याच्या हातातल्या बांगड्यांवरची नक्षी मोजता येते, परंतु तिसऱ्या ओवीपासून पुढचे शब्द पंख्याच्या घरघरीत बुडून जातात आणि एका सुंदर ओळीवर नेमकी कुकरची शिट्टी वाजते. आत्या आता नाही, आणि ती ओळ घरात दुसऱ्या कुणाला येत नाही. म्हणून कळकळीने सांगतो की ठरवलेल्या रकमेतला काही भाग माइकसाठी आधीच बाजूला काढून ठेवा. पदराला किंवा ब्लाउजच्या गळ्याशी लावायचा छोटा बिनतारी माइक घ्यावा, कारण बोलणारा आणि माइक यांतले अंतर वीतभर झाले की कॅमेरा कुठेही असला तरी फारसे बिघडत नाही. पॉकेटला त्याच कंपनीचा माइक थेट जोडता येतो. माइक लावल्यावर आई अवघडतील असे वाटत असेल, तर कॅमेराच हातभर अंतरावर, पुस्तकांच्या चळतीवर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवावा आणि पंखा तेवढा वेळ बंद करावा.

नातीच्या कथ्थकच्या बाबतीत एक अडचण आधीच सांगून ठेवतो. सभागृहात पंधराव्या रांगेतून पॉकेटने चित्रण केले, तर नात बोटाएवढी दिसेल आणि डिजिटल झूमने ती मोठी केली तर नुसते चौकोन दिसतील. त्या एका दिवसासाठी पहिल्या दोन रांगांत जागा धरावी. तेवढ्यासाठी लांब झूमचा हँडिकॅम घेऊन आईंच्या खोलीतला उजेड गमावण्यात अर्थ नाही. लोकलच्या खिडकीतून चित्रण करताना जवळचे खांब तिरके झालेले दिसतील. सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्यात खांब पुढे सरकलेला असतो, म्हणून असे होते. तो कॅमेऱ्याचा बिघाड समजू नये. दाराशी उभे राहून मात्र चित्रण करू नये.

मेमरी कार्ड व्ही-३० खुणेचे घ्यावे, म्हणजे ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट या वेगाने लिहिते. सेकंदाला १०० मेगाबिट (आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट) या दराने ४के चित्रण केले तर तासाला सुमारे ४५ गिगाबाइट लागतात, आणि २५ मेगाबिटच्या फुल एचडीला सव्वाअकरा. म्हणजे १२८ गिगाबाइटच्या कार्डावर एकीकडे पावणेतीन तास, तर दुसरीकडे अकरा तास मावतात. तासन्‌तास बोलणाऱ्या आईंसाठी फुल एचडी पुरेसे आहे. रस्त्यावर स्वस्तात मिळणारी कार्डे टाळावीत, कारण त्यांवर छापलेली क्षमता पुष्कळदा खोटी असते आणि ते चित्रण हरवल्यावरच कळते.

खरेदीसाठी आपल्याला लांब जावे लागणार नाही. फोर्टात दादाभाई नौरोजी मार्गावर आणि बोरा बाजारात कॅमेऱ्यांची जुनी दुकाने आहेत. स्वतःचे कार्ड बरोबर न्यावे, दुकानाच्या सर्वांत काळोख्या कोपऱ्यात एक मिनिट कुणाला तरी बोलायला लावून चित्रण करावे आणि घरी टीव्हीवर पाहून मगच ठरवावे. दुकानातल्या लखलखाटात प्रत्येक कॅमेरा चांगलाच दिसतो. जीएसटीचे बिल आणि खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता असल्याखेरीज पैसे देऊ नयेत. बिलाशिवाय दोन-चार हजार कमी करू असे कुणी म्हटले, तर ती वस्तू वॉरंटीविना आलेली असण्याचीच शक्यता अधिक.

आणि कॅमेरा घरी येईपर्यंत थांबू नका. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकला की फोन येत नाही. जुने फोटो संगणकावर उतरवून जागा करा आणि या रविवारीच आईंची एखादी ओवी घ्या.

प्रश्न : माझ्या भावाने २००९ मध्ये अमेरिकेहून आणलेला ‘फ्लिप’ नावाचा छोटा कॅमेरा कपाटात सापडला. त्याच्या कडेतून यूएसबीची पट्टी बाहेर येते. तो आज वापरता येईल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : एकच मोठे लाल बटण असलेल्या या कॅमेऱ्याने खिशातले एचडी चित्रण खऱ्या अर्थाने सर्वसामान्यांच्या हाती दिले. तो बनवणारी कंपनी सिस्को या अमेरिकी नेटवर्क-उपकरण कंपनीने २००९ मध्ये सुमारे ५९ कोटी डॉलरना विकत घेतली आणि एप्रिल २०११ मध्ये हा सगळा व्यवसायच बंद केला, कारण तोवर फोनमध्ये तसेच चित्रण येऊ लागले होते. आपल्याकडचा फ्लिपपैकी ‘मिनो एचडी’ हा प्रकार असेल, तर त्यात ४ गिगाबाइटमध्ये तासभर ७२० ओळींचे चित्रण मावते. दिवसाउजेडी ते आजही बघण्याजोगे असते, पण नव्याने वापरण्यासाठी मी त्याची शिफारस करणार नाही. आतली बॅटरी इतक्या वर्षांनी थकलेली असते. कवच फुगलेले दिसले तर तो चार्जही करू नये. फुगलेले नसेल, तर सगळ्यात आधी तो संगणकाला जोडून आतल्या फाइली उतरवून घ्याव्यात. त्या एमपी-४ प्रकारच्या असल्याने कोणत्याही संगणकावर उघडतात, आणि त्यांत भावाच्या घरचे काय काय असेल ते आपल्यालाच ठाऊक.

प्रश्न : नव्या कॅमेऱ्याने घरात चित्रण केले की चित्रावरून काळसर पट्टे वर-खाली सरकत राहतात. बाहेर उन्हात तसे होत नाही. कॅमेरा परत करावा का? (एक वाचिका, परळ)

उत्तर : परत करण्याआधी मेनूत जाऊन एक गोष्ट पाहा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि पुष्कळसे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही. अमेरिका किंवा जपानसाठीच्या मांडणीत कॅमेरा सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम घेतो. तो ठेका आपल्या दिव्यांच्या ठेक्याशी जुळत नाही आणि पट्टे सरकू लागतात. मेनूत ‘एनटीएससी’च्या जागी ‘पाल’ निवडा, किंवा ‘अँटी-फ्लिकर’मध्ये ५० हर्ट्झ. मग फ्रेम २५ किंवा ५० होतील. शटर, म्हणजे एकेका फ्रेमला प्रकाश घेण्याचा वेळ, हाताने ठरवता येत असेल तर सेकंदाचा १/५० किंवा १/१०० ठेवावा. बहुतेक घरांत एवढ्यानेच पट्टे नाहीसे होतात. काही एलईडी दिवे मात्र स्वतःच्या वेगळ्याच वेगाने लुकलुकतात. फलाटावरच्या इंडिकेटरवरील अक्षरे चित्रणात तुटक दिसतात, त्यामागेही असेच कारण आहे; तिथे १/५० चे शटर ठेवल्यास अक्षरे बरीच भरलेली दिसतात.

प्रश्न : पावसाळ्यात कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवावा, असे शेजारी सांगतात. ते योग्य आहे का? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : तांदळात ठेवू नये, त्याची बारीक भुकटी लेन्सच्या फटीत आणि बटणांत जाते. मुंबईच्या चार महिन्यांच्या दमटपणात लेन्सवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसू लागतात, आणि एकदा का तिने काचेवरचा मुलामा खाल्ला की साफ करूनही डाग राहतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि शक्य असल्यास आर्द्रता दाखवणारा छोटा काटा आत टाकावा. तो ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला म्हणजे झाले. नारिंगी दाण्यांचे जेल घेतले तर ते हिरवट झाल्यावर वाळवायची वेळ झाली हे कळते. कातडी पिशवी किंवा कपड्यांचे कपाट ही बुरशीची आवडती घरे आहेत, तिथे कॅमेरा ठेवू नये. एसी लोकलमधून उतरल्यावर लगेच कॅमेरा बाहेर काढला तर थंड काचेवर दव धरते, म्हणून तो अर्धा तास पिशवीतच राहू द्यावा. आणि महिनोन्‌महिने डब्यात बंद करून न ठेवता दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून दहा मिनिटे वापरावा, बॅटरी निम्मी भरलेली ठेवावी आणि पुन्हा डब्यात ठेवण्याआधी लेन्स मऊ, कोरड्या कापडाने पुसावी.