वाचकांचे प्रश्न : अपघाताचा दावा आणि आपले वकील

रस्त्यावरील अपघातात गंभीर जखमी झालेल्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. भरपाई किती मिळेल, ही विचारणा त्यांत आहेच. परंतु आपल्याच वकिलांशी कसे वागावे, त्यांना काय विचारावे आणि काय सांगावे, हा संकोच पाचही पत्रांत अधिक दिसतो. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : माझे पती (वय ३८) फरशी बसवण्याचे काम करतात. दीड वर्षापूर्वी ट्रकची धडक बसून त्यांच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला आणि आता तो वाकत नाही. सरकारी रुग्णालयाने ४० टक्के कायमस्वरूपी अपंगत्वाचे प्रमाणपत्र दिले आहे. दावा दाखल झाला आहे, पण वकीलसाहेब प्रत्येक वेळी ‘तारीख पडली’ एवढेच सांगतात आणि भरपाई चाळीस टक्क्यांच्या हिशेबानेच मिळेल असे म्हणतात. पतींना तर आता एकही काम घेता येत नाही. आम्ही वकीलसाहेबांना आणखी काय द्यायला हवे?

उत्तर : प्रमाणपत्रातील ४० टक्के हे पाय किती निकामी झाला याचे वैद्यकीय मोजमाप आहे, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवायचे असते ते या माणसाची कमाईची ताकद किती गेली. या दोन गोष्टी एक नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या निकालात स्पष्ट केले आहे. डावा हात तुटलेला माणूस वाहनचालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते, आणि तोच माणूस सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी टिकूही शकते, असे उदाहरण त्या निकालातच दिलेले आहे. ज्याला दिवसभर उकिडवे बसून किंवा गुडघे टेकून काम करावे लागते, त्याच्या न वाकणाऱ्या गुडघ्याबद्दल निराळे काही सांगण्याची गरज नाही.

हा फरक पैशांत किती मोठा होतो ते पाहा. कमाई महिना २०,००० रुपये होती असे धरू. सर्वोच्च न्यायालयाच्या ‘प्रणय सेठी’ निकालानुसार (२०१७) स्वतःचा व्यवसाय करणारा माणूस ४० वर्षांच्या आतील असेल तर भावी वाढीसाठी त्याच्या उत्पन्नात ४० टक्के मिळवले जातात, म्हणजे वर्षाचे ३,३६,००० रुपये होतात. त्याच न्यायालयाच्या ‘सरला वर्मा’ निकालातील (२००९) तक्त्याप्रमाणे ३६ ते ४० या वयोगटाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, १५ आहे, म्हणून पूर्ण कमाई बुडाल्यास ही रक्कम ५०,४०,००० रुपये येते. तिचे ४० टक्के धरले तर २०,१६,००० आणि ८० टक्के धरले तर ४०,३२,००० रुपये. उपचाराचा खर्च, वेदना आणि पुढील शस्त्रक्रिया यांची भरपाई याहून वेगळी असते. जखमी माणूस हयात असल्यामुळे, मृत्यूच्या दाव्यात होते तशी वैयक्तिक खर्चाची वजावटही येथे होत नाही.

परंतु हे सारे आपोआप घडत नाही, ते पुराव्यातून उभे करावे लागते, आणि तो पुरावा वकिलांच्या कार्यालयात नसून तुमच्या घरात आहे. म्हणून पहिली गोष्ट ही करा, की दाव्याच्या अर्जाची प्रत मागून घ्या आणि व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते स्वतः वाचा. अनेक अर्जांत तेथे नुसते ‘मजूर’ असते, आणि मग पुढे कुशल कारागिराची कमाई सिद्ध करणे कठीण होऊन बसते. तसे असेल तर दुरुस्तीचा अर्ज देण्याची विनंती वकिलांना लगेच करा. दुसरे, कमाईचा पुरावा. प्राप्तिकराचे विवरणपत्र नसेल तर अपघातापूर्वीच्या दोनतीन वर्षांचा बँकेचा खातेउतारा, मोबाइलवरून आलेल्या रकमांची यादी, कामाचे दर ठरवणारे निरोप, साहित्याच्या दुकानाची बिले आणि ज्यांच्याकडे ते काम करत त्या एकदोन ठेकेदारांची साक्ष द्यायची तयारी, यांतून चित्र उभे राहते. फोन बदलला असेल तर जुना फोन टाकून देऊ नका.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे डॉक्टरांची साक्ष. केवळ प्रमाणपत्र जोडल्याने काम भागत नाही. ज्यांनी उपचार केले किंवा अपंगत्व तपासले त्या डॉक्टरांनी साक्षीत ते सांगावे लागते, आणि टक्केवारी त्या पायाची आहे की संपूर्ण शरीराची, हेही तेथेच स्पष्ट व्हावे लागते. तेव्हा वकिलांना ‘पुढची तारीख कधी’ असे विचारण्याऐवजी ‘पुढच्या तारखेला काय होणार आहे आणि डॉक्टरांना समन्स कधी काढणार’ असे विचारा. पतींना खाली बसून लादी जुळवता येत नाही, चवड्यांवर बसता येत नाही, ओझे घेऊन जिना चढता येत नाही, अशी कामाच्या भाषेतील एक पानभर टिपण तुम्ही दोघांनी मिळून लिहा आणि साक्षीच्या प्रतिज्ञापत्रापूर्वी ते वकिलांच्या हाती द्या. शंभर अशिलांची कामे चालवणाऱ्या वकिलाला फरशी कशी बसवतात हे ठाऊक असेलच असे नाही.

पतींना उठवण्या-बसवण्यासाठी तुम्हीच घरी थांबत असाल, तर तेही त्या टिपणात यायला हवे. परिचर्येचा खर्च हा भरपाईचा स्वतंत्र भाग आहे, आणि घरच्या बाईने केलेली शुश्रूषा बिनमोलाची समजून लोक ती सांगतच नाहीत.

प्रश्न : माझा भाऊ दोन महिन्यांपासून रुग्णालयात आहे. तेथेच एक गृहस्थ भेटायला आले आणि ‘आधी काही देऊ नका, निकालानंतर २५ टक्के द्या’ असे सांगून वकीलपत्रावर आणि चार कोऱ्या कागदांवर सही मागू लागले. घाई नको, दावा कधीही करता येतो, असे वडील म्हणतात. आम्ही काय करावे?

उत्तर : कोऱ्या कागदांवर सही करू नका, ती केली असेल तर ते कागद परत मागा. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या (बार कौन्सिलच्या) नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरवण्यास किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्यास वकिलांना मनाई आहे, आणि मध्यस्थांमार्फत कामे गोळा करण्यासही मनाई आहे. व्यवहारात हे दोन्ही सर्रास चालते हे मला माहीत आहे, आणि हातात पैसा नसलेल्या कुटुंबाला टक्केवारी सोयीची वाटते, हेही समजते. पण खाटेपाशी येऊन सही मागणाऱ्या माणसाचा हिशेब काम लवकर मिटवण्याचा असतो, आणि तुमच्या भावाचा उपचार तर अजून संपलेलाही नाही.

शुल्क टप्प्यांनुसार ठरवावे : अर्ज दाखल करताना किती, साक्षीपुराव्याच्या वेळी किती, युक्तिवादाला किती, आणि अपील झाल्यास ते यात आहे की नाही. हे एका कागदावर लिहून घ्यावे आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. भरपाईची रक्कम जखमी व्यक्तीच्या स्वतःच्या खात्यात जमा होते. त्या खात्याचे सही केलेले कोरे धनादेश कोणाकडेही ठेवू नयेत. शुल्क झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो.

वडिलांचे म्हणणे पूर्वीच्या काळापुरते बरोबर होते. १९९४ च्या दुरुस्तीनंतर या दाव्यांना मुदतच उरली नव्हती. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, परंतु त्याच्या भरवशावर बसू नका. पोलिसांनी न्यायाधिकरणाकडे पाठवलेला अपघाताचा अहवालही अर्ज म्हणून धरला जाऊ शकतो. तरीही दोन महिने गेलेच आहेत, तेव्हा येत्या काही आठवड्यांत स्वतःचा अर्ज दाखल करून त्याचा क्रमांक वकिलांकडून लेखी घ्या. दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असे नाही, तो जखमी व्यक्ती राहते तेथील न्यायाधिकरणातही चालतो. म्हणून ज्यांच्या कार्यालयात तुम्हाला सहज जाता येईल असेच वकील शोधावेत.

प्रश्न : अपघाताच्या वेळी माझ्याकडे दुचाकीचा परवाना नव्हता आणि कंबरदुखीचा त्रासही मला आधीपासून होता. हे वकिलांना सांगितले तर ते दावा घेणार नाहीत, असे मित्र म्हणतात. लपवावे का?

उत्तर : अजिबात लपवू नका. वकिलांना सांगितलेली गोष्ट गोपनीय राहते, तुमच्या संमतीशिवाय ती उघड करण्यास कायद्यानेच त्यांना बंदी आहे. परवाना नसणे हा वेगळा गुन्हा असला, तरी केवळ त्यामुळे अपघातात तुमचाही दोष होता असे ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले आहे. धडक कोणाच्या चुकीने झाली, हे स्वतंत्रपणे पाहिले जाते. कंबरेचे जुने दुखणे तर तुमच्या रुग्णालयाच्या कागदांत लिहिलेले असण्याचीच शक्यता अधिक, कारण दाखल करून घेताना डॉक्टर पूर्वीचे आजार विचारून नोंदवतात. समोरच्या वाहनाच्या विमा कंपनीचे वकील तेच पान उलटतपासणीत तुमच्यापुढे धरतील, आणि तुमच्या वकिलांनी ते त्या क्षणी पहिल्यांदाच पाहिलेले असेल, तर खऱ्या दुखापतीवरही शंका घेतली जाईल. आधी कळले तर जुने दुखणे किती आणि अपघाताने वाढले किती, हे डॉक्टरांच्या तोंडून मांडता येते.

त्याच कागदांत, जखम कशी झाली याविषयी काय लिहिले आहे तेही पाहून घ्या. गडबडीत कोणीतरी ‘गाडीवरून पडला’ एवढेच सांगितलेले असते आणि समोरच्या वाहनाचा उल्लेखच राहून जातो. विमा कंपनीचा तपासनीस घरी आला, तर वकिलांशी बोलल्याशिवाय कोणत्याही जबाबावर सही करू नका.

प्रश्न : विमा कंपनीने लोकअदालतीत तडजोडीची तयारी दाखवली आहे. वकील म्हणतात, ‘घेऊन टाका.’ मुलीच्या मांडीतील सळई अजून काढायची आहे. नकार दिला तर वकील नाराज होतील का?

उत्तर : नाराज झाले तरी चालेल, तडजोड स्वीकारायची की नाही हा निर्णय तुमचा आहे आणि वकिलांचे काम सल्ला देण्याचे आहे. अर्थात त्यांचा सल्ला चुकीचाच असेल असे नाही. साक्षीदार फितण्याचा धोका असेल किंवा धडक देणाऱ्या वाहनाची ओळखच वादात असेल, तर हाती येणारी रक्कम घेणे शहाणपणाचे ठरते. पण ते कारण त्यांनी तुम्हाला उलगडून सांगायला हवे.

लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील करता येत नाही, हे आधी लक्षात घ्या. नंतर सळई काढताना गुंतागुंत झाली, तर त्या खर्चासाठी तुम्हाला परत येता येणार नाही. म्हणून पुढील शस्त्रक्रियेचा अंदाजे खर्च डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि देऊ केलेल्या रकमेत तो धरला आहे का, व्याज धरले आहे का, आणि शुल्क वजा जाता हातात किती राहील, हे वकिलांकडून कागदावर मांडून घ्या. मुलगी अल्पवयीन असेल तर तिच्या वाट्याची बरीचशी रक्कम मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश होतो. त्यामुळे शस्त्रक्रियेसाठी लागणारा पैसा ठेवीत अडकू नये, याची विनंती तडजोडीच्या पुरसीशीतच, म्हणजे न्यायाधिकरणापुढे दिल्या जाणाऱ्या लेखी निवेदनातच, लिहून घ्यावी.

प्रश्न : आमचे वकील तारखांना हजर राहत नाहीत आणि फोनही उचलत नाहीत. दुसरे वकील करायचे तर ते मूळ कागद आणि ना हरकत देत नाहीत, आधी उरलेले शुल्क मागतात.

उत्तर : शुल्क बाकी आहे म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलांना नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्टपणे ठरवले आहे. बाकी शुल्काचा वाद त्यांनी वेगळा चालवावा. आधी नोंदणीकृत टपालाने एक साधे, सौम्य भाषेतील पत्र पाठवून कागद आणि ना हरकत मागा. तेवढ्यानेच बहुतेक कामे होतात. ना हरकत मिळालीच नाही, तर नवे वकील न्यायाधिकरणाची परवानगी घेऊन वकीलपत्र दाखल करू शकतात, आणि दाखल झालेल्या कागदांच्या प्रमाणित प्रती तुम्हाला न्यायाधिकरणातून मिळतात. गैरवर्तनाची तक्रार वकील कायदा, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्याच्या विधिज्ञ परिषदेकडे करता येते. ग्राहक आयोगात मात्र जाऊ नका. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १४ मे २०२४ रोजी झाला आहे.

हे सारे करण्याआधी न्यायाधिकरणाच्या कार्यालयात किंवा ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दाव्याची सद्यःस्थिती पाहून घ्या. गैरहजेरीमुळे दावा काढून टाकला गेला असेल, तर तो पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज नव्या वकिलांना पहिल्याच दिवशी द्यावा लागेल.