फ्लायव्हीलचं नंतर, आधी ती पॉलिसी बघू

प्रश्न: वय ३२, राहतो वाकडला. हातात पगार ९२ हजार. गृहकर्ज ४६ लाख बाकी, व्याज साडेआठ टक्के, हप्ता ४० हजार. मुलगी दोन वर्षांची, तिच्यासाठी पत्नीने नोकरी सोडली आहे. माझ्या पेट्रोल सेदानचा क्लच ८५ हजार किलोमीटरला घसरायला लागला. फ्लायव्हीलवर (इंजिनाला जोडलेलं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) निळे डाग पडलेत. कंपनीचं नवं फ्लायव्हील धरून काम ३० हजारांत होतंय. एक ट्यूनर (गाड्यांत बदल करून देणारा) ८ किलोच्या जागी साडेचार किलोचं फ्लायव्हील क्लच किटसह ७५ हजारांत बसवून देतो. म्हणतो, पॉवर आणि मायलेज दोन्ही वाढेल. पैशांची अडचण नाही. बँकेतल्या आरएमनी (रिलेशनशिप मॅनेजर) दिलेली एक पॉलिसी सरेंडर करून १ लाख १० हजार येताहेत (वर्षाला १ लाख, १२ वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी साडेचोवीस लाख, विमा १० लाखांचा, तीन हप्ते भरले, चौथा पुढच्या महिन्यात). त्यांनीच सुचवलंय की ती मोडून वर्षाला १ लाखाचं यूलिप (शेअर बाजाराशी जोडलेला विमा) घ्या, पाच वर्षांत दुप्पट. तर फ्लायव्हील कोणतं घेऊ?

उत्तर: कंपनीचंच. कदाचित तेही नको.

हलक्या फ्लायव्हीलने इंजिनाची ताकद वाढत नाही. ते चाक फिरवण्यात खर्ची पडणारी ताकद थोडी वाचते, एवढंच. तुमच्यासारख्या गाडीत साडेतीन किलो कमी केल्याचा परिणाम पहिल्या गिअरमध्ये शंभरेक किलो वजन उतरवल्यासारखा जाणवतो. पाचव्यात तोच परिणाम पाच किलोच्या आट्याच्या पिशवीएवढा उरतो. मायलेजचा फरक तुम्हाला पंपावर कळणारसुद्धा नाही. जड फ्लायव्हील गाडी हलताना इंजिनाला सांभाळून घेतं. ते हलकं केलं की एसी लावून हिंजवडीच्या रांगेत क्लच सोडताना गाडी बंद पडते, म्हणून तुम्ही जास्त रेस देता आणि नवा क्लच लवकर झिजतो. ट्रॅकवर, जिथे गिअर बदलताना आरपीएम झटकन चढावा-उतरावा लागतो, तिथे त्याचा उपयोग आहे. तुम्ही ट्रॅकवर जात असल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही.

राहिले निळे डाग. ते घसरणाऱ्या क्लचच्या उष्णतेचे आहेत. तडे गेले नसतील तर लेथवर फेसिंग करून, म्हणजे वरचा थर घासून सपाट करून, बहुतेक वेळा तेच फ्लायव्हील चालतं. मेकॅनिकला आधी तेवढं विचारा. गिअरबॉक्स एकदा उतरवणारच आहात, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही नवी टाका, पुन्हा मजुरी नको.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्या डोक्यावर ४६ लाखांचं कर्ज आहे, घरात कमावणारे तुम्ही एकटे, आणि विमा १० लाखांचा. तोही मोडून त्यातले ७५ हजार गाडीच्या पोटात घालायला निघालात. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर हे १० लाख बँकेला द्यायलाही पुरणार नाहीत, आणि मुलगी आत्ता दोन वर्षांची आहे. पत्रात टर्म प्लॅनचा (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) उल्लेखच नाही, म्हणजे तो नसणार.

पॉलिसी घेताना १२ लाखांचे साडेचोवीस लाख, म्हणजे दुपटीहून जास्त, असं ऐकून तुम्ही सही केली असणार. पहिल्या हप्त्यापासून हिशोब करा, परतावा जेमतेम पाच टक्के पडतो. साडेआठ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला हे विकलं, याला काय म्हणायचं ते मी इथे लिहीत नाही. भरलेल्या ३ लाखांपैकी १ लाख ९० हजार गेले, ते विसरा. प्रश्न इथून पुढचा आहे. आज मिळणारे १ लाख १० हजार सोडून द्यायचे आणि आणखी नऊ हप्ते भरायचे, तर त्यावर पावणेसात टक्क्यांच्या आसपास सुटतात. वाईट नाही, पण तेच पैसे गृहकर्जात टाकले तर साडेआठ वाचतात, आणि तेही खात्रीने. १७ वर्षांनी हा फरक साधारण सहा लाखांचा होतो.

म्हणजे पॉलिसी मोडायचीच, पण आज नाही. आधी १ कोटीचा टर्म प्लॅन. तुमच्या वयाला, तंबाखू खात-ओढत नसाल तर, वर्षाला बारा-पंधरा हजारांत मिळायला हरकत नाही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. अर्जात आजार, सवयी सगळं खरं लिहा. मेडिकल होऊन नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनीला हात लावू नका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा वाढीव कालावधी असतो आणि त्यात विमा चालू राहतो, त्यामुळे तुमच्याकडे जवळजवळ दोन महिने आहेत. मग सरेंडर, आणि आलेले पैसे थेट गृहकर्जात. दरवर्षी हप्त्याचा जो लाख जायचा, त्यातून टर्मचा हप्ता काढून उरलेलाही तिथेच. बँकेला सांगताना हप्ता नव्हे, मुदत कमी करा असं लेखी द्या.

यूलिपचं एका वाक्यात: घेऊ नका. वर्षाला लाख भरून पाच वर्षांत दुप्पट म्हणजे दरवर्षी चोवीस टक्क्यांच्या आसपास, सगळे चार्जेस वजा जाऊन. आरएमना त्या प्लॅनचं छापील बेनिफिट इलस्ट्रेशन (किती परतावा मिळेल याचा तक्ता) मागा. त्यात आकडे ४ आणि ८ टक्क्यांनी मांडलेले असतात, २४ चा रकाना त्यात नाही. ज्याने पहिली पॉलिसी गळ्यात मारली तोच आता ती मोडायला सांगतोय, कारण जुन्या पॉलिसीपेक्षा नव्या पॉलिसीच्या पहिल्या वर्षात त्याला जास्त मिळतं.

क्लचचे पैसे मात्र पगारातून काढा. फेसिंगवर भागलं तर ३० हजारांपेक्षा कमीच लागतील. आणि एवढं सगळं करूनही हलक्या फ्लायव्हीलची हौस फिटली नाही, तर पुढच्या क्लचच्या वेळी बोनसमधून बसवा. फक्त त्याआधी गाडीच्या विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा काढतील.