बाबांची गोदी आणि इंग्रजीतला हेरिटेज वॉक

प्रश्न : माझे बाबा ७८ वर्षांचे आहेत, सगळी नोकरी गोदीत गेली, गोण्या ओढायचा लोखंडी हुक अजून माळ्यावर जपून ठेवलाय. मागच्या महिन्यात त्यांना हौसेने फोर्टमधल्या एका वॉकला नेलं. सगळं इंग्रजीत, गेटवे, काळा घोडा, इमारतींच्या कमानी, आणि बंदराबद्दल अक्षरशः दोन वाक्यं. बाबा गप्पच होते. त्यांना आवडेल असा वॉक आहे का कुठे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं हो. तुम्ही स्वतःच काढा वॉक, आणि गाईड बाबांनाच करा. रस्ता मी सांगते.

रविवारी सकाळी सातला हॉर्निमन सर्कलला पोचा. एशियाटिक लायब्ररीच्या ३० पायऱ्या चढू नका, गुडघ्यांना त्रास नको, खालूनच बघा. शेजारी सेंट थॉमस चर्च आहे, १७१८ चं, चर्चगेटचं नाव यावरूनच पडलं. तिथून बॅलार्ड इस्टेट. तिथली जमीन समुद्रात भर घालून केलीय आणि त्या भरावात अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघालेली माती आहे, म्हणजे बाबांची इंदिरा गोदी, १९१४ ला सुरू झालेली. बाबांना हे नक्की सांगा, ज्या मातीवर ते उभे आहेत ती गोदीतूनच आलीय.

पुढे सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात जुन्या किल्ल्याच्या भिंतीचा तुकडा उरलाय. बाकीचा तट १८६० च्या दशकात गव्हर्नर फ्रियरच्या काळात पाडला. बाहेरच्या रस्त्याला आधी त्याचंच नाव होतं, फ्रियर रोड, आणि आता पी. डिमेलो रोड, म्हणजे गोदी कामगारांचे पुढारी डिमेलो. गव्हर्नरचं नाव जाऊन कामगारांच्या माणसाचं लागलं, मला तर अख्ख्या मुंबईत ही पाटी सगळ्यात आवडते. इथे बाबांना बोलू द्या, घाई करू नका. १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटाचंही विचारा, व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोट फुटली, तिच्यात दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटाही होत्या. बाबा तेव्हा जन्मलेही नव्हते, पण त्यांच्या मुकादमांनी वगैरे सांगितलेलं त्यांना माहीत असणारच. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा प्लीज.

दम असेल तर मस्जिद बंदरला जा. या नावातली मशीद म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग बरं का, १७९६ ला सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेलं, ते बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारी आपलीच कोकणातली माणसं.

गोदीच्या आत पासशिवाय सोडत नाहीत, गेटवर फोटोही काढू नका, उगाच बाबांना कुणी हटकलं तर त्यांना लागेल. त्यापेक्षा टॅक्सीने भाऊचा धक्का गाठा. भाऊ म्हणजे लक्ष्मण अजिंक्य, ज्यांनी मूळचा धक्का बांधला. कोकणातून बोटीने आलेल्या कित्येकांनी मुंबईत पहिलं पाऊल इथेच टाकलं, तुमच्या आजोबांचं काय ते बाबांना विचाराच. मग उरणजवळच्या मोरा बंदराच्या लाँचचं तिकीट काढा, ओहोटीला कधीकधी लाँच बंद असते म्हणून आधी खिडकीवर विचारा. आणि बाबांना उजव्या हाताला बसवा, धक्का सुटला की गोदीच्या क्रेन पाण्यावरूनच दिसायला लागतात, पास लागत नाही.