स्टँडअप रोज होतो, तरी रिलीजला मोडतोड का?

प्रश्न : आमची सहा जणांची टीम द्राक्षांच्या पॅकहाउससाठी सॉफ्टवेअर बनवते. स्क्रम ही कामाची पद्धत नीट पाळतो : दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा टप्पा), रोज स्टँडअप (छोटी बैठक), शेवटी रेट्रो (झालेल्या कामाचा आढावा). तरी प्रत्येक रिलीजला, म्हणजे नवी आवृत्ती देताना, जुनं काहीतरी बिघडतंच. कुठे चुकतंय?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : स्क्रममध्ये शोधून ते सापडणार नाही. कोड कसा लिहायचा, कसा तपासायचा हे स्क्रम टीमवर सोडतं. केंट बेक यांनी १९९६च्या सुमारास क्रायस्लरच्या पगारप्रणालीवर काम करताना जी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही पद्धत घडवली, तिच्यात टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्रॅम), सतत इंटिग्रेशन (सगळ्यांचा कोड वरचेवर एकत्र करणं) आणि रिफॅक्टरिंग (वागणं न बदलता कोड सुधारणं) हाच गाभा होता. अशा पद्धतींची तत्त्वं मांडणाऱ्या २००१च्या अजाइल जाहीरनाम्याच्या १२ तत्त्वांतही तांत्रिक गुणवत्तेकडे सतत लक्ष देण्याचं एक तत्त्व आहे. पण बैठका घेणं सोपं, म्हणून बहुतेक टीम तेवढंच उचलतात.

आधी ब्रँच (कोडची स्वतंत्र प्रत) बघा. प्रत्येकाची वेगळी ब्रँच आणि मर्ज (त्या एकत्र करणं) शेवटच्या दिवशी, असं असेल तर मोडतोड तिथेच होते. दिवसातून एकदा तरी प्रत्येकाचा कोड मेनमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य ब्रँचमध्ये, गेला पाहिजे. अर्धवट काम फीचर फ्लॅगमागे (सुविधा चालू-बंद करणारी कोडमधली खूण) बंद ठेवून. (काम झालं की फ्लॅग काढायचा. हे हमखास राहतं.) प्रत्येक पुशला (कोड पाठवल्यावर) सीआयने, म्हणजे आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेने, टेस्ट चालवाव्यात, दहा मिनिटांच्या आत. जास्त वेळ लागला की निकालाची वाट कोणी बघत नाही. बिल्ड लाल झाला, म्हणजे ही तपासणी नापास झाली, आणि लगेच दुरुस्त होत नसेल, तर बदल मागे घ्या.

सगळ्या जुन्या कोडला टेस्ट लिहायला बसू नका, हंगाम संपेल पण ते काम संपणार नाही. ज्या फंक्शनला (कोडच्या तुकड्याला) हात लावायचाय, त्याचं आजचं वागणं आधी टेस्टमध्ये पकडा. उदाहरणार्थ, ५०० ग्रॅमचे १० पनेट (द्राक्षांचे छोटे डबे) म्हणजे ५ किलोचा एक बॉक्स. मग ११७ पनेटचे ११ बॉक्स आणि ७ पनेट शिल्लक आले पाहिजेत. ०, ९ आणि १० पनेटच्याही टेस्ट हव्यात, कारण चुका अशा सीमेवरच्या आकड्यांतच दडलेल्या असतात. आजचं उत्तर चुकीचं निघालं तरी आधी तेच टेस्टमध्ये नोंदवा, दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये (बदलाच्या वेगळ्या नोंदीत) करा; एखाद्या पॅकहाउसने त्याच आकड्यावर आपली एक्सेल शीट बांधलेली असू शकते. आणि वजन ग्रॅमच्या पूर्णांकात साठवा. फ्लोटमध्ये (दशांश संख्या साठवायच्या प्रकारात) ०.१ आणि ०.२ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, मग टेस्ट उगाच लाल होतात.

प्रश्न : टेस्टसाठी वेगळी स्टोरी (स्प्रिंटच्या यादीतलं एक काम) टाकावी का?
– एक वाचक, महात्मानगर, नाशिक

उत्तर : नको. वेळ कमी पडला की पहिली तीच गळते. ‘डन’च्या, म्हणजे काम पूर्ण कधी म्हणायचं याच्या, व्याख्येतच घाला : टेस्टसकट मेनमध्ये, सीआय हिरवा, स्टेजिंगवर (ग्राहकाला देण्याआधीच्या चाचणीच्या जागी) बघून झालेलं. पहिल्या काही स्प्रिंटमध्ये स्टोऱ्या कमी बसतील, तेवढं ग्राहकाला आधीच सांगून ठेवा. तुमचे ग्राहकही द्राक्षवालेच असतील, तर ही सवय पावसाळ्यात लावून घ्या. जानेवारीत पॅकिंग सुरू झाल्यावर नाही.