राजकीय हिंसेवर पीएचडी: उप्साला की बेलफास्ट?

राजकीय हिंसा आणि संघर्षानंतरचा समेट यावर पीएचडी करायची आहे, तर स्वीडनमधलं उप्साला बरं की ब्रिटनमधलं, उत्तर आयर्लंडचं बेलफास्ट, असं तुम्ही विचारलंय. मी स्वीडनमध्ये याच विषयात आहे, त्यामुळे माझं झुकतं माप वजा करून वाचा.

पैशाचं आधी. स्वीडनमध्ये पीएचडी ही बहुतेकदा नोकरीच असते: फी नाही, पगार चालू, चार वर्षं, शिकवण्याचं काम घेतलं की पाच. जागा मोजक्याच निघतात. ब्रिटनमध्ये प्रवेश आणि फेलोशिप या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली मिळाली म्हणून तिकीट काढू नका.

खरा प्रश्न शहराचा नाही. तुम्हाला मोजायचंय की ऐकायचंय? उप्साला विद्यापीठाच्या यूसीडीपी या जगभरातल्या संघर्षांची नोंद ठेवणाऱ्या डेटासेटमध्ये वर्षभरात लढाईत किमान 25 माणसं मेली की सशस्त्र संघर्षाची नोंद होते, 1000 झाली की युद्धाची. त्या वाटेला संख्याशास्त्र पक्कं लागतं. समेट असा मोजता येत नाही. रवांडात 1994 च्या वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या गावोगावच्या गाचाचा न्यायालयांनी 2012 पर्यंत दहा लाखांहून जास्त खटले निकाली काढले. पण त्याच गावात मारेकरी आणि वाचलेले शेजारी म्हणून कसे राहतात, हे तिथे महिनोन्‌महिने राहिल्याशिवाय कळत नाही.

मुलाखती घेणार असाल तर अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजचा बेलफास्ट प्रोजेक्ट, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या मुलाखतींचा संग्रह, आधी नीट समजून घ्या. उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांना ‘तुम्ही हयात आहात तोवर काही उघड होणार नाही’ असा शब्द दिला होता. 2011 मध्ये ब्रिटनच्या मागणीवरून अमेरिकेत समन्स निघाली आणि काही टेप पोलिसांकडे गेल्या. म्हणून गाइड ठरवतानाच विचारा: रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, कोर्टाने मागितलं तर विद्यापीठ काय करणार? उत्तर गुळमुळीत आलं तर तो गाइड कितीही नामवंत असो, सोडा. राजकीय मतं, वांशिक ओळख अशी माहिती गोळा करायला स्वीडनमध्ये कायद्यानेच एथिक्सची पूर्वपरवानगी लागते. तो अर्ज पहिल्या वर्षीच करा, नाहीतर फील्डवर्क रखडतं.

पुढचं थोडक्यात: पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी, म्हणजे दर एक-दोन वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर, बऱ्याचदा देशही बदलतो. जोडीदाराशी हे आत्ताच बोला. आणि स्वीडनला आलात तर पहिल्या सत्रापासून स्वीडिश शिका. संशोधन इंग्रजीत निभावतं, पण विभागाच्या बैठका बऱ्याचदा स्वीडिशमध्येच चालतात.